बोटभर फट

"काका, हे तुम्ही मागच्या आठवड्यातही विचारलं होतं," सरकारी योजनांच्या चौकशी खिडकीमागच्या बाई म्हणाल्या.

"मागच्या आठवड्यात नगरपालिकेच्या योजनेचं विचारलं. आज वीज कंपनीच्या योजनेचं विचारतोय."

"वीज कंपनीचं त्याच्या आधीच्या आठवड्यात विचारलंत."

रांगेत मागे कुणीतरी मोठ्याने सुस्कारा सोडला. काचवाल्यांनी वळून त्या माणसाकडे असं पाहिलं, जणू त्याच्याच भल्यासाठी ते इथे तंगड्या मोडत उभे आहेत, आणि पुन्हा खिडकीत डोकं घातलं. "बरं, मग एवढंच सांगा. तिन्हीतली चांगली कुठली?"

"ते मी कसं सांगणार? घर तुमचं, गरज तुमची."

"समजा, तुमच्या वडिलांचं घर आहे."

बाई पहिल्यांदा हसल्या. "माझ्या वडिलांनी पहिला हाताला लागेल तो अर्ज भरला असता आणि घरी जाऊन झोपले असते."

झोपणं काचवाल्यांच्या कुंडलीत नव्हतं. बसणंही नव्हतं. पायाला भिंगरी बांधल्यासारखा हा माणूस जन्मभर फिरला. सायकलला लाकडी चौकट, चौकटीत चिंध्यांत गुंडाळलेल्या काचा, खिशात काच कापायचा हिरा. गावातल्या निम्म्या खिडक्या त्यांनी बसवलेल्या, आणि उरलेल्या निम्म्या ते दिसल्याबरोबर नावं ठेवत. पुढे कारखान्यातून दुहेरी काचेच्या तयार खिडक्या यायला लागल्या. त्यांना ना हिरा लागायचा, ना काच चिकटवायची लांबी. चार स्क्रू फिरवले की झालं. काचवाल्यांच्या दुकानाचं शटर त्या खिडक्यांनीच खाली ओढलं. आणि आता त्याच खिडक्या घरी बसवायला सरकार पैसे देत होतं आणि त्या मिळाव्यात म्हणून काचवाले रांगेत उभे होते. दैव कुणाची चेष्टा करायला लागलं, की नीट वेळ काढून करतं.

पण गरज खरी होती. गेल्या थंडीत त्यांच्या बायकोला दम्याने असं धरलं, की तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. घर जुनं, भिंती पातळ, काचा एकेरी. मागच्या खोलीतल्या खिडकीतून वारा थेट तिच्या पलंगावर यायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावाच्या फटी बुजवणाऱ्याच्या घरात वारा मुक्कामाला. मुलगा दूरच्या मोठ्या शहरातून धावत आला होता. आईच्या खाटेशी उभा राहून तो बापाला म्हणाला, "बाबा, मी भांडत नाही. पण पुढच्या थंडीच्या आत एक तर घर ऊबदार करायची काहीतरी सोय मंजूर करून घ्या, नाहीतर घर विका आणि दोघंही माझ्याकडे चला. आईचा फोन नाही आला की माझं कामात लक्ष लागत नाही."

"करतो," काचवाले म्हणाले होते. "शब्द दिला. नाही जमलं तर बॅगा भरतो."

शब्द दिला खरा, पण त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला चैन नव्हती. मुलाचं घर आठव्या मजल्यावर. तिथे ते एकदा राहून आले होते. नळ गळत नाही, दार करकरत नाही, कुणाची काच फुटत नाही. दोन दिवसांत त्यांनी सगळ्या खुर्च्या पालथ्या घालून त्यांचे पाय तपासले होते. तिसऱ्या दिवशी सून हळूच म्हणाली, "बाबा, टीव्ही लावू का?" तेव्हा त्यांना एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं होतं.

म्हणून हे घर राखायचं होतं आणि त्यासाठी योजना हवी होती. योजना होत्या तीन. नगरपालिका खिडक्या-दारं बदलायला निम्मा खर्च द्यायची. वीज कंपनी जुना हिटर घेऊन नवं यंत्र स्वस्तात द्यायची. आणि सरकारची 'पूर्ण घर' योजना भिंतींना ऊब राखणारं अस्तर, छपराला अस्तर, खिडक्या, दारं, सगळंच जवळजवळ फुकट करून द्यायची. पण त्याआधी घराची तपासणी. अट अशी, की एका घराला एकच योजना. एकीत नाव नोंदवलं की वर्षभर दुसरीकडे वळायचं नाही.

ही तुलना काचवाल्यांनी कागदावर केली नाही. कागदावर त्यांना कधी सुचलंच नाही. काचेवर खुणा करायची मेणाची पेन्सिल घेऊन त्यांनी मागच्या खोलीतल्या खिडकीच्या तीन तावदानांवर तीन योजना मांडल्या. कोण काय देतं, काय अडवतं, कुठे फसवतं. मग पुसून पुन्हा मांडल्या. बायको पलंगावर उशीला टेकून त्या खिडकीतून गल्ली बघायची. आता तिला गल्ली सरकारी कलमांमधून दिसायची. समोरून जाणारा सायकलवाला 'निम्मा खर्च' मधून निघून 'अट पाहा' मध्ये शिरायचा.

"दूधवाला आज वीज कंपनीवर बराच वेळ थांबला होता," ती म्हणायची.

"चेष्टा करू नकोस. यात आपलं घर आहे."

"घराला काय होतंय? तुम्ही बसा बघू जरा."

"आलोच," काचवाले म्हणायचे, आणि ते 'आलोच' संध्याकाळपर्यंत यायचं नाही.

शेजारच्या मास्तरांनी तोवर नगरपालिकेचा अर्ज भरून, खिडक्या बसवून, वर त्यांना पडदेही लावले होते. मास्तर रोज कुंपणाशी उभे राहून विचारायचे, "काय काचवाले, अभ्यास कुठवर आला?"

"तुम्ही घाई केलीत मास्तर. छपरातून सगळी ऊब जाते. नुसत्या खिडक्यांनी काय होतं?"

"काही होत नाही," मास्तर म्हणायचे. "नुसतं गरम होतं."

शेवटी काचवाल्यांनी ठरवलं. घ्यायचं तर पूर्ण घ्यायचं. 'पूर्ण घर' मध्ये नाव नोंदवायला ते खिडकीवर उभे राहिले, तेव्हा बाईंनी आनंदाने शिक्का इतक्या जोरात मारला, की टाचण्यांची डबी उडाली.

"आता तपासणीला आमच्या मॅडम येतील," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस जातील, यादी मोठी आहे. पण काका, नीट ऐका. तोवर घरात कुठलंही काम काढायचं नाही. घर आहे तसं राहू द्यायचं."

"काम कोण काढतंय? मी तर निवृत्त माणूस."

आणि हे ते अगदी मनापासून बोलले. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. घोळ एवढाच होता, की काम म्हणजे काय, याबद्दल त्यांचं आणि सरकारचं एकमत नव्हतं.

थोड्या दिवसांचे बरेच दिवस झाले. हवेत गारठा उतरला. काचवाले दिवसातून दहा वेळा फाटकाशी जाऊन रस्त्याकडे बघून यायचे. चहा गार व्हायचा. पेपर अर्धा वाचून राहायचा. अशातच एका संध्याकाळी वारा सुटला आणि मागच्या खोलीत बायकोने काही न बोलता शाल कानापर्यंत ओढली. काचवाल्यांचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी मेणबत्ती पेटवून खिडकीच्या चौकटीजवळून हळूहळू फिरवली. फट डोळ्यांना दिसत नाही, ज्योतीला दिसते. डावीकडच्या कोपऱ्यात ज्योत आडवी झाली. त्यांनी खडूची भुकटी काढली, जवसाचं तेल काढलं, मळून लोण्यासारखी लांबी केली आणि अंगठ्याने त्या फटीत दाबून बसवली. ज्योत सरळ झाली. एवढंच. हे काय काम म्हणायचं? पाठ खाजली तर माणूस खाजवतो, तसं.

पण एकदा खाजवलं की कुठे थांबतं? दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातली खिडकी, मग बैठकीतली. मग दाराखालची फट, तिथे जाड लोकरी नमद्याची पट्टी. मग फरशी आणि भिंतीमधली चीर, मीटरच्या वायरीचं भोक, माळ्याच्या झडपेची कड. रोज संध्याकाळी मेणबत्ती घेऊन घरभर फिरायचे. बायको पलंगावरून हाका मारायची, काहीबाही सांगायची. मुलाचा फोन आला होता, नातवाला पुढचे दोन दात आलेत. काचवाले "हो का, वा" म्हणायचे, पण त्यांचं सगळं लक्ष ज्योतीकडे.

तपासणीचा दिवस उजाडला तेव्हा काचवाले पहाटेपासून इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे होते. गाडीतून एक तरुण मुलगी उतरली. तिच्याबरोबर भला मोठा पंखा. मास्तर कुंपणावरून बघतच होते. त्यांनी तिचं तिथल्या तिथे 'पंखेवाली' असं बारसं करून टाकलं. तिने पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवलं, कापडाच्या भोकात पंखा बसवला आणि वायरी जोडता जोडता समजावलं, "काका, हा पंखा घरातली हवा बाहेर ओढणार. मग बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत येणार. किती येते ते हे यंत्र मोजतं. बास."

"चहा घेशील का, बाळ?" आतून बायकोने विचारलं.

"आधी मोजते, काकू."

पंखा घुमायला लागला. पंखेवाली एकेका खिडकीशी जाऊन हाताचा पालथा पंजा धरायची आणि काचवाले तिच्या मागे मागे. वर्गात मुलाची वही तपासली जात असताना बाप उभा असावा, तसे.

"इथे लागतोय वारा?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"इथे?"

"नाही हो."

"लागणारच नाही," काचवाले खुशीत म्हणाले. "तिकडे दाराखाली बघ. मीटरपाशी बघ. कुठ्ठे लागायचा नाही."

पंखेवालीने यंत्राकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. पंखा बंद केला. "काका, इथेच घोडं पेंड खातंय. ही योजना गळक्या घरांसाठी आहे. गळती अमुक एका आकड्याच्या वर असली तरच घर तिच्यात बसतं. तुमचं घर त्या आकड्याच्या खाली आलंय. थोडंसंच, पण खाली."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं घर घट्ट आहे."

काचवाल्यांना आधी ही शाबासकीच वाटली. मग चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. "पण थंडी तर आहेच ना. काचा एकेरी, भिंती बघ कशा बर्फासारख्या. हात लाव."

"कळतंय मला. पण यंत्र फक्त गळती मोजतं." ती खिडकीजवळ वाकली. "ही लांबी नवी दिसते. तुम्हाला सांगितलं नव्हतं का, काही काम काढू नका म्हणून?"

"हे काम आहे? नुसतं बोट फिरवलंय."

पंखेवाली आणखी वाकली. त्या बोटाचा ठसा तिला लांबीवर दिसत होता.

"बरं, मग नगरपालिकेची तरी..."

"तुमची नोंद इथे झालीय, काका. या वर्षी दुसरीकडे नाही जाता येणार."

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. काचवाले दाराशी असलेल्या स्टुलावर बसले. ते बसले, हे पाहून बायको घाबरून आतून उठून आली.

पंखेवालीने दोघांकडे पाहिलं. मग लाल कापडाची सुरकुती उगाच सारखी करत म्हणाली, "आकडा मी अजून वर पाठवलेला नाही. गाडीत बसून डबा खाते आणि मग पुन्हा एकदा मोजते. जुनं घर आहे. एखादी फट आपोआप उघडतेही." आणि मग, खरं तेही सांगायला हवं म्हणून असेल, तिने पुढे सांगितलं, "फक्त एक. घर बसलं तर मंजुरी लगेच मिळते, पण ठेकेदार थंडी उलटल्यावरच येतो. तोवर घर मोजलं तसंच ठेवायचं. मध्ये कधीही पुन्हा बघायला येतात."

ती मागच्या दाराने बाहेर पडून गाडीत गेली. काचवाले ताडकन उठले आणि पत्र्याची पेटी उघडून त्यांनी सुरी काढली.

स्वयंपाकघरातली लांबी अजून पुरती वाळली नव्हती. सुरीला लागून ती नाडीसारखी अखंड निघून आली. आपली लांबी त्यांनी जन्मात कधी अशी उकरली नव्हती. दुसऱ्यांची मात्र उकरली होती आणि शिव्या घातल्या होत्या. आज त्या शिव्या कुणाला घालायच्या? बाहेरचा वारा आत आला आणि चुलीवरच्या फडक्याचं टोक हललं. मग बैठकीची खिडकी. मग ते सुरी घेऊन मागच्या खोलीत आले. बायको पलंगावर जाऊन बसली होती, खिडकीला पाठ लावून.

"सरक जरा. ही मोठी आहे. एवढी उघडली की आकडा बसेल."

"या खिडकीला हात लावायचा नाही."

"अगं, मंजुरी मिळाली की घर आपलं राहिलं."

"आणि थंडीभर हा वारा माझ्या पाठीत?"

काचवाल्यांनी याचा विचार केला नव्हता असं नाही. स्वयंपाकघरातून इथे येईपर्यंत केला होता. "थंडीपुरती तू त्याच्याकडे जाऊन राहा. मी इथे थांबतो, घर सांभाळतो. वसंतात ये. सगळं गरम झालेलं असेल."

"म्हणजे घर राहील, आणि आपण दोन गावांना."

"चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"माझ्या वयात चार महिने म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे." ती एवढं बोलून दम घ्यायला थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही ही फट बुजवलीत त्या रात्री मी आडवी होऊन झोपले. उशांना टेकून नाही, चांगली आडवी. सकाळी जाग आली तेव्हा क्षणभर मला कळेचना, की आज काय वेगळं आहे. तुम्हाला सांगायला हाक मारली, तर तुम्ही स्वयंपाकघरातल्या खिडकीत लांबी भरत होतात."

काचवाले सुरी हातात धरून उभे राहिले.

"काचेवर तीन योजना मांडल्यात," बायको म्हणाली. "पुसल्यात, पुन्हा मांडल्यात. एकदा तरी या पलंगावर बसून विचारलंत, की तुला काय हवंय?"

"काय हवंय?"

"बसून विचारा."

ते बसले. सुरी कुठे ठेवायची ते कळेना, म्हणून मांडीवर ठेवली.

"मला हे हवंय," ती म्हणाली. "एवढंच. तुम्ही संध्याकाळी मेणबत्ती घेऊन फिरता आणि मी तुमच्या पाठीशी बोलते. घर जाईल म्हणून तुम्ही एक क्षण घरात टेकत नाही. मग ते असून काय नि नसून काय? घर गेलं तर मला वाईट वाटेल. रडेनही. पण ही फट तुम्ही माझ्यासाठी बुजवलीत, ती सरकारसाठी उघडायची नाही."

काचवाल्यांनी मांडीवरची सुरी उचलून खाली ठेवली. मग जे एवढे दिवस कुठल्याही तावदानावर लिहिलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. "तिथे मी काय करू गं? खिळा मारायचा तरी विचारावं लागतं. तिथे माझं कुणाला काय काम?"

"वारा काय फक्त आपल्याच घरात शिरतो?" बायको म्हणाली.

काचवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लांबीच्या हाताने पुसलं आणि डोळा आणखी चुरचुरला. बायकोने पदराच्या टोकाने तो पुसून दिला. "लहान मूल बरं तुमच्यापेक्षा," ती म्हणाली.

पंखेवाली डबा खाऊन परत आली तेव्हा काचवाले स्वयंपाकघरात पाठमोरे उभे होते. उकरलेली लांबी त्यांनी पुन्हा मळून फटीत भरली होती आणि अंगठ्याने शेवटचा कोपरा दाबत होते. बैठकीतली भरून झाली होती. पंखेवाली काय समजायचं ते समजली.

"मोजू, काका?"

"मोज. असेल तो आकडा लिही."

पंखा पुन्हा घुमला. आकडा तोच आला. तिने तो लिहिला, कापड गुंडाळलं, आणि मग आत जाऊन काकूंच्या पलंगावर बसून चहा प्यायली. जाताना ती दाराशी घुटमळली. काहीतरी बोलावं असं तिला वाटत असावं. पण असल्या वेळी काय बोलायचं असतं ते अजून तिच्या वयात बसत नव्हतं. "नीट राहा, काकू," एवढंच म्हणाली आणि पंखा ओढत गेली.

मुलाचा फोन आला. "बाबा, काय झालं?"

"नापास."

"घर नापास झालं?"

"घर पास झालं रे. म्हणून आपण नापास."

मुलाला ते कळायला वेळ लागला. कळल्यावर तो हसला नाही, हे त्याचं शहाणपण. "मग... येताय ना?"

"शब्द दिलाय," काचवाले म्हणाले. फोन ठेवल्यावर ते अंगणात जाऊन सायकलची चौकट पुसत बसले. काचा वाहायची ती चौकट कुठे न्यायची नव्हती, तरी चांगली लख्ख पुसली.

घर एका बेकरीवाल्याने घेतलं. तरुण माणूस, नुकतं लग्न झालेलं, बोलताना खिशातून मोबाईल काढायचा आणि पुन्हा ठेवायचा. किल्ली घ्यायला आला तेव्हा सामानाचा टेम्पो पुढे गेला होता आणि बायको मास्तरांच्या ऊबदार खोलीत बसली होती. काचवाले मागच्या खोलीतली तावदानं ओल्या फडक्याने पुसत होते. नगरपालिका गेली, वीज कंपनी गेली, 'पूर्ण घर' गेलं. पलीकडे गल्ली स्वच्छ दिसायला लागली.

"काका, मास्तर म्हणत होते, तुमचा या योजनांचा फार अभ्यास आहे," बेकरीवाला म्हणाला. "आम्ही कुठली घ्यावी?"

काचवाल्यांनी फडकं पिळलं. सांगू नये, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. नवा मालक म्हणजे नवी नोंद, जुनं काही आडवं येत नाही. पूर्ण घराची घेऊ नका, हे घर तिच्यात बसायचं नाही. हिटर अजून चांगला आहे, त्याला धक्का लावू नका. नगरपालिकेची खिडक्यांची घ्या. खिडकीवरच्या बाई भल्या आहेत, पण एकदाच काय ते नीट विचारा.

"आणि एक सांगतो," ते म्हणाले. "मंजुरी येईपर्यंत कशालाही हात लावू नका. हात कितीही शिवशिवले तरी. खिळासुद्धा ठोकू नका."

"छे हो, मला कुठे येतं त्यातलं काही?" बेकरीवाला हसला. "या सगळ्या तशाही काढूनच टाकायच्या आहेत."

"काढा," काचवाले म्हणाले. "ही डावीकडची जरा बेताने काढा. लांबी आतून अजून ओली आहे."

खिडकीच्या कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याचा ठसा रेघारेघांसकट उमटलेला होता. त्यावर त्यांनी पुन्हा एकदा अंगठा ठेवून पाहिला, किल्ली बेकरीवाल्याच्या हातात दिली आणि ते बाहेर पडले.

मुलाने भाड्याची गाडी पाठवली होती. मास्तरांनी कुंपणावरून हात केला. कधी नव्हे ते मास्तरांना कुठलाही टोमणा सुचला नाही. गाडी गावाबाहेर पडून वेगात धावू लागली, तेव्हा बायकोने शाल कानापर्यंत ओढली. काचवाल्यांनी पाहिलं. तिच्या बाजूची काच वरून बोटभर उघडी होती.

"ही काच वर घ्या," ते ड्रायव्हरला म्हणाले.

"नाही होत, काका. बिघडलीय. बोटभर राहतेच."

काचवाल्यांनी खिसे चाचपले. सुरी नव्हती, लांबी नव्हती. पेटी टेम्पोत गेली होती. त्यांनी रुमाल काढून फटीत कोंबला. तो वाऱ्याने उडून तिच्या मांडीवर पडला. पुन्हा कोंबला, पुन्हा पडला. ते चुळबुळले, पुढे वाकले, मागे झाले. मग त्यांनी बायकोच्या पुढून हात लांबवला आणि तळहात त्या फटीवर ठेवला. सगळी फट काही एका हाताने झाकणारी नव्हती. पण तिच्या तोंडासमोरची झाकली गेली. तिच्या कपाळावरचे केस हलायचे थांबले.

"हात गारठेल," ती म्हणाली. "बसा नीट."

"बसलोय," काचवाले म्हणाले.

तिने त्यांच्या दंडावर डोकं टेकलं. नातवाच्या दातांचं काहीतरी ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली आणि या खेपेला त्यांनी ते सगळं ऐकलं. सांगता सांगता तिला झोप लागली. बाहेर शेतं गेली, गोदामं गेली, अनोळखी घरांच्या खिडक्या लागल्या. बोटांना कळ येऊन मग कळही येईनाशी झाली. तो हात त्यांनी हलवला नाही.